लिब्रेऑफिसच्या आगामी आवृत्त्यांचे नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिब्रेऑफिस हे मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना, त्यातील चुका कळवणाऱ्यांना आणि त्याचे मराठी भाषांतर करू इच्छिणाऱ्यांना पुढच्या आवृत्तीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एखाद्या कंपनीच्या उत्पादनाचे नियोजन आणि शेकडो स्वतंत्र माणसांच्या कामाचे नियोजन यांत मूलभूत फरक असतो. बहुतेक गैरसमज तो फरक लक्षात न घेतल्याने होतात, म्हणून काही उत्तरे मुद्दाम विस्ताराने दिली आहेत.

पुढची आवृत्ती नेमक्या कोणत्या तारखेला येणार?

योजनेत तारीख नसते, आठवडा असतो. वर्षातून दोन मुख्य आवृत्त्या निघतात, एक फेब्रुवारीच्या सुमारास आणि दुसरी ऑगस्टमध्ये. प्रत्येक टप्प्यासमोर सोमवार ते रविवार असा एक आठवडा लिहिलेला असतो आणि प्रत्यक्ष प्रकाशन त्या आठवड्यातील एखाद्या दिवशी, बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी होते. उदाहरणार्थ, २४.८ ही आवृत्ती २२ ऑगस्ट २०२४ रोजी, २५.२ ही ६ फेब्रुवारी २०२५ रोजी आणि २५.८ ही २० ऑगस्ट २०२५ रोजी आली. कार्यालयातील संगणकांवर नवी आवृत्ती बसवण्याचे वेळापत्रक आखायचे असेल, तर नेमक्या दिवसाऐवजी तो आठवडा गृहीत धरावा.

७.६ नंतर एकदम २४.२ कशी आली? मधल्या आवृत्त्या कुठे गेल्या?

मधे काहीही नव्हते. ऑगस्ट २०२३ मधील ७.६ नंतर प्रकल्पाने क्रमांकाची पद्धत बदलली आणि वर्ष व महिना हाच आवृत्तीचा क्रमांक झाला. त्यामुळे २४.२ म्हणजे २०२४ चा दुसरा महिना आणि २४.८ म्हणजे त्याच वर्षाचा आठवा महिना. गंमत अशी की २४.२ प्रत्यक्षात ३१ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे नावातला महिना उजाडण्याच्या आदल्या दिवशीच बाहेर पडली, कारण नियोजित आठवडा दोन महिन्यांच्या सीमेवर पडला होता.

जुन्या पद्धतीत ६ वरून ७ वर जाताना लोक काहीतरी मोठा बदल झाला असेल असे समजत, तर ७.५ वरून ७.६ वर जाताना फार काही बदलले नसेल असे धरून चालत. सहा महिन्यांनी निघणाऱ्या आवृत्तीत किती बदल असतील हे त्या सहा महिन्यांत झालेल्या कामावर ठरते, क्रमांकावर नाही. नव्या क्रमांकाचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. एखाद्या शाळेतील संगणकावर ७.३ दिसली, तर ती किती जुनी आहे हे शोधावे लागते. २४.२ दिसली तर उत्तर नावातच असते.

काम पूर्ण झाल्यावर आवृत्ती काढण्याऐवजी तारीख आधी का ठरवली जाते?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि तो रास्त आहे. घर बांधून झाल्यावर वास्तुशांत करावी, मुहूर्त काढून मग विटा आणू नयेत, हे कोणालाही पटेल. परंतु सॉफ्टवेअरचे घर कधीच बांधून होत नाही. ठरवलेल्या सुविधा पूर्ण होईपर्यंत थांबायचे असे धोरण असले, की यादीतील सर्वांत रेंगाळलेले काम बाकी सर्वांना थांबवून ठेवते. त्यादरम्यान तयार असलेल्या इतर सुधारणा वापरकर्त्यांपर्यंत पोहोचत नाहीत. जितका उशीर होतो तितके आणखी काही घुसवण्याचा मोह वाढतो, कारण पुढची संधी केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसते. लिब्रेऑफिस ज्यातून निघाले त्या ओपनऑफिसची १.० आवृत्ती मे २००२ मध्ये, २.० ऑक्टोबर २००५ मध्ये आणि ३.० ऑक्टोबर २००८ मध्ये आली होती. मोठ्या टप्प्यांमध्ये तीन-तीन वर्षांचे अंतर असले, की एखाद्या स्वयंसेवकाने केलेले काम लोकांच्या हाती पडेपर्यंत तो स्वयंसेवक दुसरीकडे गेलेला असण्याची शक्यता बरीच असते.

सप्टेंबर २०१० मध्ये लिब्रेऑफिस सांभाळणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेची घोषणा झाली, जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिसची पहिली आवृत्ती ३.३ आली आणि सहा महिन्यांचे वेळापत्रक स्वीकारले गेले. या पद्धतीत गाडी ठरल्या वेळी सुटते. जे काम तयार असेल ते गाडीत बसते, जे नसेल ते सहा महिन्यांनी सुटणाऱ्या पुढच्या गाडीची वाट पाहते. पुढची गाडी नक्की आहे हे माहीत असल्यामुळेच अर्धवट काम दारात लोंबकळत नेण्याची गरज राहत नाही. माझ्या मते वेळापत्रकाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. तारखेच्या शिस्तीपेक्षाही “आत्ता नाही, पण फेब्रुवारीत नक्की” असे संकेत (कोड) लिहिणाऱ्या एखाद्या लेखकाला सांगता येणे अधिक मोलाचे असते.

सर्वच मुक्त प्रकल्प असे करत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. डेबियन या लिनक्स-आधारित प्रणालीत कामे गोठवण्याचे टप्पे जाहीर होतात, परंतु गंभीर चुका पुरेशा कमी झाल्याशिवाय स्थिर आवृत्ती निघत नाही आणि ते त्या प्रकल्पाच्या स्वभावाला साजेसे आहे. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, दुसऱ्या टोकाला आहे. तेथे साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, त्यातील पहिले दोन आठवडेच नवे काम स्वीकारले जाते आणि उरलेला सर्व काळ फक्त दुरुस्तीचा असतो. ज्याला प्रत्यक्ष माणसे माउस धरून वापरतात आणि ज्याचे असंख्य भाषांत भाषांतर करावे लागते, अशा कार्यालयीन सॉफ्टवेअरला नऊ आठवडे अपुरे पडतील.

फेब्रुवारी आणि ऑगस्ट हेच महिने का?

उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या वितरणांच्या (तयार संचांच्या) आवृत्त्या साधारणतः एप्रिल आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या आसपास येतात. त्यांना लिब्रेऑफिस आपल्यात सामावून घेऊन तपासायला काही आठवडे लागतात. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मुख्य आवृत्ती आली, की या वितरणांना पहिली किंवा दुसरी दुरुस्ती-आवृत्तीही (फक्त चुका सुधारणारी .१ किंवा .२) हाती लागते.

फीचर फ्रीज म्हणजे काय आणि त्यानंतर नेमके काय थांबते?

मुख्य आवृत्तीच्या साधारण दोन ते अडीच महिने आधी नव्या सुविधा घेणे बंद होते. यालाच फीचर फ्रीज म्हणतात. या सुमारास मूळ संकेतातून (सोर्स कोडमधून) त्या आवृत्तीची स्वतंत्र शाखा, म्हणजे वेगळी प्रत, फुटते. मुख्य शाखेवर पुढच्या आवृत्तीचे काम विनाअडथळा सुरूच राहते आणि नव्या शाखेत फक्त दुरुस्त्या जातात. “फ्रीज झाला म्हणजे सगळे हात बांधून बसतात” हा समज त्यामुळे चुकीचा आहे. गोठते ती एक शाखा, प्रकल्प नव्हे.

यापुढे शाखेतील प्रत्येक बदलाला लागणारी संमती टप्प्याटप्प्याने कडक होत जाते. मुख्य शाखेवर अनुभवी लेखक आपला बदल स्वतः दाखल करू शकतो. आवृत्तीच्या शाखेत तोच बदल न्यायचा असेल, तर दुसऱ्या एका जाणकाराने तो पाहून मान्य करावा लागतो. अंतिम टप्प्यात त्या विशिष्ट प्रकाशनासाठी आणखी एक उपशाखा काढली जाते आणि तिच्यात काही घालायचे असेल तर एकापेक्षा अधिक जणांची मान्यता लागते. ही तपासणी गेरिट या व्यवस्थेत सर्वांसमोर होते. बदल दोन ओळींचा आहे म्हणून सूट मिळत नाही, कारण शेवटच्या आठवड्यातील दोन ओळींच्या “निरुपद्रवी” दुरुस्त्यांनी किती घोळ घातले आहेत हे प्रत्येक जुन्या प्रकल्पाला ठाऊक असते.

दुसरी मर्यादा पडद्यावर दिसणाऱ्या इंग्रजी मजकुराची असते. ठरावीक टप्प्यानंतर मेनू, संवादचौकटी आणि सूचना यांतील मूळ वाक्ये बदलता येत नाहीत. प्रोग्रॅमरला एक शब्द बदलणे क्षुल्लक वाटते, परंतु तो बदलला की प्रत्येक भाषेतील भाषांतरकाराचे ते वाक्य पुन्हा अपुरे होते.

एखादी सुविधा फ्रीजच्या दोन दिवस आधी जवळजवळ तयार असेल, तर तिला सवलत मिळते का?

क्वचित मिळते, त्यासाठी कारण द्यावे लागते आणि इतरांना ते पटावे लागते. “जवळजवळ तयार” हा शब्दप्रयोग सॉफ्टवेअरच्या जगात फसवा आहे. उरलेल्या दहा टक्क्यांत चुका, कागदपत्रे, भाषांतर आणि जुन्या फायलींशी सुसंगती हे सर्व येते. सुविधा अपुरी असेल पण काढून टाकणे अवघड असेल, तर ती प्रायोगिक म्हणून ठेवण्याचा मार्ग असतो. मग ती फक्त पर्यायांमध्ये जाऊन प्रायोगिक सुविधा सुरू करणाऱ्यांनाच दिसते.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक मुद्दा आहे. गूगल समर ऑफ कोड या, नवोदितांना मुक्त प्रकल्पांत काम देणाऱ्या उपक्रमातील काम साधारण उन्हाळ्यात सुरू होते आणि ऑगस्टच्या आवृत्तीचा फ्रीज तोपर्यंत आलेला किंवा उलटून गेलेला असतो. त्यामुळे त्या उन्हाळ्यातील काम बहुधा पुढील फेब्रुवारीच्या आवृत्तीतच लोकांना दिसते. आपण केलेले काम ऑगस्टच्या आवृत्तीत नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

ही योजना कोण ठरवते?

तांत्रिक बाबी अभियांत्रिकी सुकाणू समितीकडे असतात. तीत अनुभवी लेखक असतात, ती दर आठवड्याला बैठक घेते आणि तिचे इतिवृत्त सर्वांना वाचता येते. प्रकाशनाची प्रत्यक्ष यांत्रिक जबाबदारी, म्हणजे शाखा काढणे, बांधणी करणे (संकेतापासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करणे) आणि फायली आरशांवर (डाउनलोडसाठीच्या जुळ्या सर्व्हरवर) पोहोचवणे, प्रकाशन अभियंत्यांची असते. बर्लिनमधील द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था पायाभूत व्यवस्था आणि निधी सांभाळते, पण अमुक सुविधा अमुक आवृत्तीत यावी असा आदेश ती लेखकांना देऊ शकत नाही. लेखकांपैकी काही कोलॅबोरासारख्या कंपन्यांचे कर्मचारी आहेत, काही फाउंडेशनचे आहेत आणि बरेच जण स्वेच्छेने काम करतात.

मग पुढच्या आवृत्तीत काय काय येणार याची यादी का मिळत नाही?

वर सांगितले तेच कारण. ज्याच्या वेळेवर कोणाचा हक्क नाही, त्याच्या नावाने वचन देणे कोणालाही शक्य नाही. त्याऐवजी प्रत्येक आगामी आवृत्तीचे टिपणांचे पान कामाबरोबर वाढत जाते. बदल दाखल झाल्यावर तो करणारा स्वतःच त्या पानावर नोंद करतो. म्हणजे ही यादी भविष्याची नसून झालेल्या कामाची असते, म्हणूनच ती विश्वासार्ह आहे. फ्रीज झाल्यानंतर ते पान वाचले, तर येणाऱ्या आवृत्तीचे बऱ्यापैकी खरे चित्र मिळते. फ्रीजच्या आधी वाचले तर अर्धेच मिळते.

बगच्या नोंदीत “टार्गेट २५.८.०” असे लिहिले आहे. ही दुरुस्ती त्या आवृत्तीत नक्की येणार, असा याचा अर्थ घ्यावा का?

होय, पण बरेच जण समजतात त्या कारणाने नव्हे. बगझिला या चुकांच्या नोंदवहीतील ही खूण कोणी आगाऊ संकल्प म्हणून लिहीत नाही. दुरुस्ती एखाद्या शाखेत प्रत्यक्ष दाखल झाली, की स्वयंचलित व्यवस्था ती खूण उमटवते. त्यामुळे खूण असेल तर काम झालेले आहे, आणि नसेल तर त्यावरून काहीच अनुमान काढता येत नाही. एकाच नोंदीत दोन खुणा दिसल्या, तर दुरुस्ती नव्या आवृत्तीबरोबर चालू मालिकेच्या पुढच्या दुरुस्ती-आवृत्तीतही नेली गेली आहे असे समजावे.

बीटा आणि रिलीज कँडिडेट यांत काय फरक आहे? कोणते वापरून पाहावे?

अल्फा आणि बीटा या सुरुवातीच्या चाचणी-बांधण्या “लिब्रेऑफिस डेव्ह” या नावाने वेगळ्या बसतात आणि आपल्या नेहमीच्या लिब्रेऑफिसला धक्का लावत नाहीत. रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम ठरू शकणारी बांधणी, मात्र नेहमीच्या आवृत्तीच्या जागीच बसते. कार्यालयात एकच संगणक असेल आणि उद्या वेतनपत्रके छापायची असतील, तर कँडिडेट बसवू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

कँडिडेट एकापाठोपाठ येतात. शेवटच्या कँडिडेटमध्ये थांबवण्याजोगी चूक सापडली नाही, तर तीच फाइल, एकही बिट न बदलता, अंतिम आवृत्ती म्हणून जाहीर होते. म्हणून शेवटची कँडिडेट वापरणाऱ्याला अंतिम आवृत्ती पुन्हा बसवावी लागत नाही. आणि याच कारणाने अंतिम आवृत्ती आल्यानंतर दुसऱ्या दिवशी कळवलेली चूक त्या आवृत्तीत सुधारता येत नाही. ती साधारण महिन्याभराने येणाऱ्या .१ मध्येच जाते.

ठरलेला आठवडा पुढे ढकलला जातो का?

थांबवण्याजोगी चूक सापडली तर जादा कँडिडेट काढून आठवडाभर थांबणे शक्य असते. या बाबतीत उबुंटूचे उदाहरण बोलके आहे. २००६ मधील आवृत्ती एप्रिलऐवजी जूनमध्ये काढायचे ठरले तेव्हा तिचा क्रमांकच ६.०४ ऐवजी ६.०६ झाला. क्रमांकात महिना असला की उशीर लपत नाही.

वेळापत्रक उलट दिशेने, म्हणजे अलीकडेही येऊ शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या लिबवेबपी या सामायिक घटकात गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाली. लिब्रेऑफिसही तो घटक वापरते, म्हणून ७.६.२ आणि ७.५.७ या दोन्ही दुरुस्ती-आवृत्त्या नियोजित वेळेपूर्वी, २६ सप्टेंबरला काढल्या गेल्या. सुरक्षेच्या बाबतीत तारखेचा मान राखला जात नाही आणि राखूही नये.

आमच्या संस्थेने मुख्य आवृत्ती आल्याबरोबर घ्यावी की थांबावे?

थांबावे. कोणत्याही वेळी दोन मालिका सांभाळल्या जातात, एक नवी आणि एक तिच्या आधीची. प्रत्येक मालिका साधारण नऊ ते दहा महिने जगते. २४.८ ही ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली आणि जून २०२५ मध्ये तिची देखभाल थांबली. बहुतेक मालिका .७ पर्यंत पोहोचतात. शंभर संगणक असलेल्या कार्यालयाने नव्या मालिकेच्या .३ किंवा .४ ची वाट पाहिली तर सहज निभते, मात्र जुनी मालिका संपण्यापूर्वी उडी घेतली पाहिजे. वर्षानुवर्षे एकाच आवृत्तीवर राहण्याची सोय हवी असेल, तर काही कंपन्या दीर्घ मुदतीची देखभाल शुल्क घेऊन पुरवतात.

जुन्या संगणकांबाबत विशेष सावधगिरी हवी. विंडोज ७, ८ आणि ८.१ यांचा आधार २५.८ पासून काढला गेला, आणि हे होणार असल्याची सूचना आधीच्या आवृत्तीच्या टिपणांत दिलेली होती. ग्रामीण शाळांत आणि लहान दुकानांत विंडोज ७ अजून दिसते. तेथे २५.२ हीच चालणारी शेवटची मालिका आहे आणि तिला आता दुरुस्त्या मिळत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्सचे हलके वितरण बसवून नवी आवृत्ती वापरणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

मराठी भाषांतर या वेळापत्रकात कुठे बसते?

भाषांतर वेबलेट या संकेतस्थळावरील व्यवस्थेत होते. इंग्रजी मजकूर गोठल्यापासून अंतिम कँडिडेटपर्यंतचा काळ सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यानंतर मूळ वाक्ये बदलत नाहीत आणि केलेले काम वाया जात नाही. फेब्रुवारीच्या आवृत्तीसाठी हा काळ डिसेंबर-जानेवारीत येतो, ऑगस्टसाठी जून-जुलैत. हा काळ हुकला तरी दार बंद होत नाही. भाषांतरे दुरुस्ती-आवृत्त्यांतही घेतली जातात, त्यामुळे .० मध्ये इंग्रजीत राहिलेले वाक्य .२ मध्ये मराठीत दिसू शकते. नवा मजकूर फ्रीज होण्यापूर्वीच घाईने भाषांतरित करणारे उत्साही लोक असतात. त्यांच्या उत्साहाचा आदर ठेवून असे सुचवावेसे वाटते, की आधी जुन्या वाक्यांतील विसंगती काढाव्यात. “जतन करा” आणि “साठवा” हे दोन्ही एकाच मेनूत असू नयेत.

प्रोग्रॅमिंग येत नाही. तरी पुढच्या आवृत्तीच्या गुणवत्तेला हातभार लावता येतो का?

येतो, आणि देवनागरी लिहिणाऱ्यांना तर विशेष लावता येतो. फेब्रुवारी २०१७ मधील ५.३ पासून सर्व प्रणालींवर अक्षरजुळणी हार्फबझ या एकाच यंत्रणेतून होते. त्यामुळे “त्र्यंबक” किंवा “हृदय” विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरे दिसण्याचे प्रकार कमी झाले, पण त्याच कारणाने त्या यंत्रणेत बिघाड झाला तर तो सगळीकडे एकदम होतो. अर्धा र, जसा “दऱ्या” किंवा “वाऱ्यावर” मध्ये येतो, तो कर्सर मागे नेताना, शब्द शोधताना किंवा पीडीएफ काढल्यानंतर नीट राहतो का, हे जर्मनीत बसलेल्या परीक्षकाच्या लक्षात येणे कठीण आहे. ते पाहणारा डोळा आपलाच लागतो.

पूर्वी चालणारी गोष्ट नव्या बांधणीत बिघडली असेल, तर तिला रिग्रेशन म्हणतात आणि दुरुस्तीच्या रांगेत तिला वरचे स्थान मिळते. ती नेमकी कोणत्या बदलामुळे बिघडली हे शोधण्यासाठी बिबिसेक्ट नावाचे तयार बांधण्यांचे संग्रह उपलब्ध आहेत. मधली बांधणी उघडायची, चूक दिसते की नाही ते सांगायचे, मग उरलेल्या निम्म्यातील मधली उघडायची, असे करत गेल्यास हजार बांधण्यांतून दहाएक प्रयत्नांत दोषी बदलापर्यंत पोहोचता येते. यासाठी संकेताची एक ओळही वाचावी लागत नाही, फक्त धीर आणि काही गिगाबाइट जागा लागते.

चूक कळवताना आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, संगणक प्रणाली, वापरलेला टंक आणि चूक दाखवणारी छोटी फाइल एवढे द्यावे. फाइलमध्ये कोणाचा आधार क्रमांक किंवा पगाराचा आकडा राहिलेला नाही ना, हे जोडण्यापूर्वी तपासावे, कारण बगझिलातील जोडपत्रे कोणालाही उघडता येतात.